दोन उमेदवारांसह फाल्त्सला

जायचं ठरलं ते प्रबंधासाठी. दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही.

अमेरिकेतल्या पहिल्या दोन राजकीय पक्षांचा जन्म हा माझा विषय. प्रबंध न्युरेम्बर्गमध्ये बसून लिहिते आहे, कारण नवऱ्याची नोकरी इथे आहे. शिवाय माझ्या तिसऱ्या प्रकरणातले पेनसिल्वेनियाचे शेतकरी मूळचे जर्मनच, बरेचसे नैर्ऋत्य जर्मनीतल्या फाल्त्स भागातले. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, यांची गावं तू अजून पाहिलेली नाहीस. गावं काही तासांवर होती. जाणं वर्षानुवर्षं राहिलं होतं.

दुसरं कारण आमचं मराठी मंडळ. आजवर अध्यक्ष बिनविरोध व्हायचा. चहा घेताना कोणीतरी नाव सुचवायचं, तो नको म्हणायचा, मग टाळ्या. यंदा पहिल्यांदाच दोन नावं आली. सचिन, म्हणजे माझा नवरा, आणि शिरीष. जर्मनीत आल्यावर दोघांनी पहिली खोली एकत्र घेतली होती. सचिनला मंडळाची कायद्याने नोंदणी हवी होती. नियम, वर्गणी, मोठा हॉल. शिरीषला गणपती होता तसाच हवा होता. शाळेचा हॉल, घरोघरचे पदार्थ, विद्यार्थ्यांना वर्गणी नाही. सभा पुढच्या रविवारी होती. दोघांतल्या एकाने माघार घेतली नाही तर मंडळ फुटणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मी दोघांना एका गाडीत बसवलं.

शनिवारी सकाळी निघालो. ए-सहा महामार्ग नकाशावर सरळ पश्चिमेला जातो. प्रत्यक्षात हाइलब्रॉनपाशी तो वाहतूक कोंडीत थांबतो. तुम्ही जाणार असाल तर शनिवार टाळा. रेल्वेनेही जाता येतं, पण शेवटच्या खेड्याला सुट्टीच्या दिवशी बस जवळजवळ नाही. गाड्यांची रांग हलेना. सचिनने इंजिन बंद केलं.

"वहिनी, तुमचे अमेरिकन का भांडले ते तरी सांगा," शिरीष मागून म्हणाला. "वेळ आहे."

मी सांगितलं. त्यांच्या राज्यघटनेत पक्ष कुठेच नाहीत. पहिल्या अध्यक्षाला गटतट नकोच होते. पण त्याच्याच मंत्रिमंडळात दोन माणसं होती. खजिनामंत्र्याला मजबूत केंद्र हवं होतं, राष्ट्रीय बँक, कारखाने. परराष्ट्रमंत्र्याला सत्ता राज्यांकडे हवी होती आणि देश शेतकऱ्यांचा. दोघे एकाच टेबलाशी बसत. बाहेर दोघांची वर्तमानपत्रं एकमेकांना शिव्या देत.

"म्हणजे खजिनामंत्री गाडी चालवतोय. खजिना कुठाय?"

"वर्गणी दे, दिसेल," सचिन म्हणाला.

"आल्झो, म्हणजे आली गाडी वर्गणीवर!"

"तू सगळ्यांना फुकट जेवू घाल. नंतर हॉल कोण झाडतो? मी. दर वर्षी."

"तुला सांगितलं कोणी झाडायला?"

पुढचा ट्रक हलला. सचिनने गाडी सुरू केली आणि पुढे आम्ही ऱ्हाइनच्या पुलावर आलो. नदी करडी होती, दोन्ही काठांवर कारखाने. याच नदीवरून ते शेतकरी खाली समुद्राकडे गेले. आम्ही पूल संपायची वाट पाहिली.

काइझर्सलाउटर्नच्या पुढे महामार्ग सोडला की टेकड्या लागतात. पेट्रोल पंपावर अमेरिकन सैनिक रांगेत उभे होते. त्यांचा तळ जवळच आहे. गाव एका वळणात संपलं. चर्च, बंद बेकरी, लाल दगडाच्या चौकटींची घरं. गेस्टहाउसच्या दोन खोल्या न्याहारीसकट न्युरेम्बर्गच्या एका खोलीच्या भाड्यात मिळाल्या. गाद्या मऊ होत्या. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

मी खिडक्या पाहत गावातून चालले. दुसऱ्या अध्यक्षाच्या काळात केंद्राने घरांवर कर लावला. पेनसिल्वेनियात अधिकारी आले आणि घरांच्या खिडक्या मोजू लागले. तिथले शेतकरी म्हणजे इथल्या सरदारांच्या वसुलीला कंटाळून गेलेल्यांची मुलं-नातवंडं. बायकांनी वरून त्या अधिकाऱ्यांवर गरम पाणी ओतलं. तोवर हे जर्मन बहुतेक सत्तेतल्या, खजिनामंत्र्याच्या पक्षाच्या बाजूने असत. पुढे ते दुसऱ्या पक्षाकडे गेले. भांडण राजधानीतल्या दोन माणसांचं होतं, ते असं घरात शिरलं.

"बघ, वर्गणीचा परिणाम," शिरीष खिडकीकडे बोट दाखवत म्हणाला.

"आणि रस्ते कोणी बांधले? गरम पाण्याने?"

दोघे हसले. मला वाटलं, बरं झालं आणलं.

जेवायला बटाट्याचं सूप आणि डाम्फनूडेल, म्हणजे तळाशी खारट कुरकुरीत थर असलेला वाफवलेला पाव. शाकाहारी माणसाने इथे तोच मागवावा. गेस्टहाउसच्या बाईंनी वाइन आणि सोडा भरलेला एकच उंच ग्लास मध्ये ठेवला.

"आम्ही तिघे आहोत," मी म्हणाले.

"गेनाऊ, बरोबर. तो फिरवायचा असतो," बाई म्हणाल्या.

शिरीषने घोट घेतला, ग्लास सचिनपुढे सरकवला. सचिनने पुसला नाही, तसाच तोंडाला लावला. निवडणुकीचं कोणी काढलं नाही. मीही नाही. परतताना दोघे आळीपाळीने गाडी चालवत होते आणि त्या पहिल्या खोलीच्या घरमालकिणीच्या नकला करत होते.

सोमवारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिरीषने लिहिलं, मी माघार घेतो, अध्यक्ष बिनविरोध व्हावा. सचिन तेव्हा मीटिंगमध्ये होता. त्याने ते न वाचताच स्वतःची माघार पाठवली, जवळजवळ त्याच शब्दांत. दोघांनी मला विचारलं नव्हतं, एकमेकांना तर नाहीच. असं विचारून करायचं नसतं, ही आमची रीत.

संध्याकाळपर्यंत दोन नवी नावं आली. एक नोंदणीवाल्यांचं, एक विद्यार्थ्यांच्या बाजूचं. दोघांना एकमेकांची ओळखही धड नव्हती.

रविवारी आम्ही तिघे हॉलमध्ये बरोबरच गेलो. खुर्च्या मधून वाट सोडून मांडल्या होत्या. डावीकडून कोणीतरी हाक मारली, "शिरीषदादा, इकडे, जागा ठेवलीय." उजवीकडून सचिनला. दोघे क्षणभर थांबले. मग आपापल्या बाजूला गेले. मी दाराशीच उभी राहिले. मतं मोजायच्या आधीच एका बाजूने दुसरा, वेगळा गणपती बसवायची घोषणा केली होती.

घरी सचिन बूट काढून बाकावर बसला.

"त्या दोन मंत्र्यांचं पुढे काय झालं?"

"दोघांनीही मंत्रिमंडळ सोडलं. आधी एकाने, मग दुसऱ्याने."

"मग?"

"पक्ष राहिले."

"हे गाडीत का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिसरं प्रकरण पूर्ण झालं. खिडक्यांचे फोटो चांगले आलेत, त्यातला एक प्रबंधात घेणार आहे. फाल्त्सला दोन दिवस पुरतात. तिथलं सूप आठवतं. शिरीष अजून आमच्याकडे येतो. आता आधी फोन करतो.