दिगंबर फौजीचा बायोडाटा

दिगंबर फौजेतून पेन्शनवर आला, तेव्हा तुकईथड गावानं त्याला उघड्या जीपमधून मिरवलं. पुढे डीजे, गळ्यात हार, आणि बॅनरवर त्याच्या हातात भलीमोठी बंदूक. ती बंदूक बॅनरवाल्यानं कॉम्प्युटरवर चिकटवली होती. दिगंबरनं नोकरीभर हातात धरला तो झारा. तो पलटणीचा स्वयंपाकी होता. पण त्याच्या आईनं, मथुराबाईनं, ‘माझा पोरगा बॉर्डरवर असते’ असं गावभर सांगून ठेवलेलं. त्यात खोटं काहीच नव्हतं; बॉर्डरवरही माणसांना भूक लागतेच. उरलेलं मात्र दिगंबरनं आईला कधी सांगितलंच नव्हतं.

आता बुऱ्हाणपुरातल्या एका निवासी शाळेला मेस सांभाळणारा माणूस हवा होता. दिगंबरचा सारा जीव त्या कामात अडकला होता. बायोडाटा करायला भाची अश्विनी लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसली. शेजारी मथुराबाई लसूण सोलत होती.

“मामा, फौजमध्ये काम काय करत होते? ते टाकावं लागते.”

“टाक ना… शिस्त, जवानांची देखभाल, जिम्मेदारी.”

“हे तर वॉचमनचं झालं. मेसवाले तुमाले कायले बोलावतील?”

पोरगी बरोबर बोलत होती. मोघम लिहावं तर काम हातचं जाणार, खरं लिहावं तर आईची गावात शोभा होणार. अख्ख्या पलटणीच्या डाळीला फोडणी देताना न डगमगलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला. शेवटी तो एका दमात म्हणाला, “लिही, कुक होतो. पहिल्या दिवसापासून कुकच. बर्फात स्टोव्ह पेटत नव्हता, तरी पोरांना गरम पोळी दिली.”

लसूण सोलणारे हात थांबले. दिगंबरला मान वर करवेना.

“म्हणजे तुले पोळ्या येतात?” मथुराबाईनं विचारलं.

“येतात.”

“भाजी?”

“सारं येते, आई.”

“अन सुट्टीवर आला का मी म्हातारी चुलीपुढं घाम गाळू? ‘आई, तुझ्याच हातचं पाहिजे’ म्हणे! लबाड मेला!” तिनं लसणाचं सुपडं त्याच्या मांडीवर आदळलं. “ऊठ, आज तू कर.”

दिगंबर उठला. छातीवरचा धोंडा उतरला होता. मागून आईचा आवाज आलाच, “अन जास्त कर रे! शेजारच्या धुरपदाबाईले बोलावते. माझा पोरगा फौजमध्ये काय करत होता, खाऊन पाह्य म्हणते.”