थांब म्हणेपर्यंत

माझे बाबा जयंतीच्या कार्यक्रमांत गाणाऱ्या गायन पार्टीत पेटी वाजवायचे. शिकवण्याची त्यांची पद्धत एकच होती. पेटीवर सा धरायचे आणि म्हणायचे, "लाव. मी थांब म्हणेपर्यंत सोडायचा नाही." श्वास संपला तर घ्यायचा आणि पुन्हा तोच सा. दहा वर्षांच्या पोरीला हे कसं जमणार? दोन मिनिटांत कंटाळून मी पळ काढायचे. त्यांच्या तोंडून "थांब" म्हणून मी कधीच ऐकलं नाही. पुढे इंजिनियरिंग, नोकरी, सिंगापूर. गाणं राहूनच गेलं.

चाळिशी उलटल्यावर चोआ चू कांगला, आमच्या फ्लॅटजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी संगीताच्या अर्धवेळ कोर्सला नाव घातलं. आठवडाभर जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये राबायचं आणि शनिवारी सकाळी निम्म्या वयाच्या मुलामुलींत बसून नोटेशन गिरवायचं. हौस वगैरे काही नव्हती. अकोल्याला बाबांच्या फुप्फुसांनी हात टेकले होते, आणि ते जायच्या आत मला तो "थांब" मिळवायचा होता. वर्षभर रोज पहाटे खिडक्या बंद करून मी सा लावला. शेजारणीने दोनदा दार वाजवलं. वाजवू दे म्हटलं.

मग प्लांटचं देखभालीचं शटडाउन आलं, सगळ्यांच्या रजा बंद. रजा मिळाली ती शनिवारपासून. मंगळवारी सकाळी धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला. "ताई, गायचं असेल तर आत्ताच गा."

मी कंपनीच्या बसला निघाले होते. पास गळ्यात तसाच ठेवून बसले, तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि सा धरला. स्क्रीनवर बाबा, नाकातोंडावर मास्क, डोळे मिटलेले. सूर हलला नाही. इतका स्थिर माझा आवाज कधीच नव्हता. श्वास घेतला, पुन्हा लावला. पुन्हा. मास्कच्या आत त्यांचे ओठ हलत होते, कपाळावर आठ्या होत्या. ऐकू काहीच येत नव्हतं. "थांब" काही आला नाही. शेवटी घसा बसला आणि मीच थांबले.

मला त्यांचा रागच आला. मरतानासुद्धा या माणसाच्या तोंडून एक शब्द सुटत नाही! बुधवारी ते गेले. भाऊ म्हणाला, "ऐकलं गं त्यांनी. बरं वाटलं त्यांना."

कोर्स मी सोडला नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. दोन महिन्यांनी रेकॉर्डिंगचा तास होता. आमच्या साठीतल्या चिनी सरांनी एक लॅपटॉप वर्गात ठेवला, दुसऱ्यावरून व्हिडिओ कॉल लावला आणि तो घेऊन बाहेर जाऊन एक लांब सूर धरला. काचेतून त्यांचा उघडा जबडा दिसत होता. वर्गात सुरुवातीचा अर्धा क्षण आवाज आला आणि मग शांतता.

"यू होल्ड द नोट, मशीन थिंक यू आर अ फॅन, लाह," आत येऊन ते हसत म्हणाले. फॅन म्हणजे घरघरणारा पंखा. बोलणं चढतं-उतरतं, म्हणून ते पलीकडे पोचतं. एकसारखा चालणारा आवाज कॉलमध्ये गोंगाट म्हणून गाळला जातो. सूर जितका स्थिर, तितका लवकर. पोरं हसली.

"फोनवर पण?" मी विचारलं.

"फोन ऑल्सो सेम."

मी उठून बाहेर आले आणि भावाला फोन लावला. "खरं सांग. त्या दिवशी माझा आवाज येत होता का?"

"दर वेळी सुरुवातीला जरासा यायचा आणि गायब व्हायचा. मला वाटलं, तुला रडू येतंय. म्हणून बोललो नाही."

"आणि बाबा? ते काय म्हणत होते?"

"जाऊ दे ना, ताई."

"सांग."

"एकच सारखं म्हणत होते. मी थांब म्हटलं नाही, मग ही का थांबते?"