शेजारच्या कात्रिनच्या कादंबऱ्या

सनीव्हेलच्या आम्हा मराठी मैत्रिणींच्या रविवारच्या वॉकमध्ये कुणीतरी "अगं, कात्रिनचं कळलं का?" म्हणतं आणि चालणं तिथेच थांबतं. हे किस्से जमवायला कुणी बसलं नव्हतं. पण शेजारी लेखिका राहायला आली, की ते साठतातच!

कात्रिन जर्मन कादंबरीकार. नवऱ्याला इथे जॉब लागला म्हणून आली. लिहिते फक्त जर्मनमध्ये, त्यामुळे आमच्यापैकी एकीनेही तिचं एक पानसुद्धा वाचलेलं नाही. "म्हणून तर आपली मैत्री टिकलीय," असं ती म्हणते!

*

पहिलं पुस्तक निघण्याआधी ती तिकडे एका बेकरीत काम करायची. सगळीकडून नकार आलेले. एका सकाळी बेकरीत प्रकाशकाचा फोन आला. "आत्ता नाही, पाव ओव्हनमध्ये आहेत," म्हणून हिने ठेवून दिला! मग भानावर आली. नंबर माहीत नाही, नाव नीट ऐकलेलं नाही. ती फोनजवळून हलेचना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रिंग वाजली. पलीकडून पहिला प्रश्न, "पाव कसे झाले?"

*

पुढच्या एका कादंबरीत तिने स्वतःचं गावच घातलं, भांडणांसकट. गावात त्या कादंबरीचं वाचन ठेवलं, तर झाडून सगळे हजर, हाताची घडी घालून. वाचन संपलं. टाळी नाही.

शेवटी खाटीक उठला. "माझा कुत्रा तू तपकिरी लिहिलायस. तो काळा होता." आणि खाली बसला.

बाकी कशाबद्दल कुणाची तक्रार नव्हती!

*

आमच्या गणपतीत मंडळाच्या देशपांडे काकांनी तिची माइकवरून ओळख करून दिली, "जर्मनीच्या थोर कवयित्री!" हिने आमच्यातल्या प्राजक्ताला कानात काहीतरी विचारलं, उठून नमस्कार केला आणि चक्क मराठीत म्हणाली, "मी कविता करत नाही. घाबरू नका."

यार, हॉल हसून हसून आडवा!

*

मध्यंतरी आई आजारी म्हणून ती जर्मनीला गेली होती. परतली तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला मी गेले. हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलो, तेव्हा ती बोलायला लागली.

आईने तिचं एकही पुस्तक कधी उघडलं नव्हतं. "कामधंदा सोडून गोष्टी कसल्या लिहितेस!" एवढंच म्हणायची. आता आईला काही आठवेना, मुलगीही ओळखू येईना. मग कात्रिन रोज तिच्या उशाशी बसून आपलीच कादंबरी वाचून दाखवायची. आई ऐकायची.

"शेवटचं पान वाचून झालं," कात्रिन म्हणाली, "तर आई म्हणते, 'छान लिहिते गं ही बाई. हिच्या आईला माहीत आहे का?'"

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आजच सांगते तिला."