पिंपळनेरवाल्यांसाठी शेवटचं गाणं आधी

आज संध्याकाळी धुळ्यात आमच्या लाडक्या रॉक बँडचा शेवटचा कार्यक्रम झाला. अहिराणीत गाणारी चार पोरं, आता नोकरीसाठी चार दिशांना निघालीत.

आम्ही पिंपळनेरची मंडळी त्यांचा धुळ्यातला एकही कार्यक्रम चुकवत नाही, पण पूर्ण असा एकही ऐकलेला नाही. सकाळी दुकानं उघडायची असतात, म्हणून शेवटच्या एसटीसाठी दरवेळी मधूनच उठावं लागतं. ते ज्या गाण्याने कार्यक्रम संपवतात, ते आम्ही फक्त मोबाईलवर ऐकलंय.

आज गायक माइकवर आला आणि म्हणाला, "पिंपळनेरवालास्नी आमनं शेवटनं गानं कधी ऐकं नही. म्हनीसन आज तेच पहिले."

धुळेकर जरा कुरकुरले. आम्ही उभेच राहिलो. आम्हा सगळ्यांचे काळे शर्ट शिवणारे इरफानभाई अख्खं गाणं डोळे मिटून ऐकत होते.

पुढे निघायची वेळ झाली तरी कोणी हलेना. शेवटी गायकच म्हणाला, "आते निंघा भाऊ, गाडी चुकी जाई."

एसटीत बसून लिहितोय. जे शेवटपर्यंत थांबले, त्यांना एक विनंती. कार्यक्रम कसा संपला ते इथे लिहू नका. आमच्यापुरता तो अजून चालू आहे.