धोंडिबांनी दिलेला अनुभवाचा दाखला

परदेशी गेलेल्या स्त्रीला दोनच गोष्टी तारतात : शिक्षण आणि आत्मविश्वास. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. भोरच्या कॉलेजात करिअर मार्गदर्शनाचं काम करताना मी ते अनेक व्यासपीठांवरून म्हटलं आणि दरवेळी टाळ्या मिळाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी परदेशी कुणीच गेलेलं नव्हतं.

मग सुनंदा गेली, आणि एका सकाळी सात वाजता तिचा फोन आला.

"मॅडम, शुक्रवारी फॉर्म बंद होतोय. आणि त्यातला एक रकाना रिकामाच आहे."

सुनंदा माझी जुनी विद्यार्थिनी. पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातली, भूगोल घेऊन बी.ए. झालेली. तिचा नवरा महेश विंझरचा, कॉम्प्युटरवाला. कंपनीनं त्याला न्यूझीलंडला पाठवलं, त्याच्याबरोबर ती गेली. स्पाऊस व्हिसावर. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीला टांगलेली परवानगी. काम करायला मुभा असते, काम आपलं आपण शोधायचं.

मी निवृत्त झाले तरी माझा पर्यायांचा तक्ता निवृत्त झालेला नव्हता. तो मी तिला आधीच पाठवला होता. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स, वृद्धांची देखभाल, ऑफिस असिस्टंट. तिनं सगळीकडे अर्ज केले. उत्तरं आली, सगळी अत्यंत सभ्य. प्रत्येकानं गॅपबद्दल विचारलं. गॅप म्हणजे आयुष्यातली अशी वर्षं, ज्यांचा कागद नसतो.

"मी इथं फक्त पार्सल घ्यायला दार उघडते," ती म्हणाली. "महेश काही बोलत नाही. पण आणखी सहा महिने असेच गेले तर मी परत येणार, मॅडम. एकटी."

हे तिनं अगदी शांतपणे सांगितलं, म्हणून मी घाबरले.

आताचा फॉर्म एका डेअरी फार्मचा होता. तिकडे जुलैत गाई विण्याचा हंगाम सुरू होतो. थोड्या दिवसांत शेकड्यांनी वासरं येतात. त्यांना आईपासून वेगळं करून दूध प्यायला शिकवणारी माणसं लागतात. त्याला काफ रिअरर म्हणतात. अटी दोनच : अनुभव, आणि जुन्या मालकाचं पत्र. पत्र जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता.

"अनुभवाच्या रकान्यात काय लिहिलंस?"

"काही नाही. मी नोकरी कुठं केलीय?"

"आणि वाड्यावर जे करायचीस ते?"

"ते काम कुठं होतं, मॅडम? ते घरचं होतं."

मी म्हटलं, वडिलांचं पत्र घेऊ. ती म्हणाली, "अण्णा देणार नाहीत. तुम्ही ओळखता त्यांना."

ओळखत होते. सुनंदा दहावी झाली तेव्हा तिला भोरच्या होस्टेलवर पाठवा म्हणून सांगायला मी तो डोंगर चढले होते. तेव्हा गुडघे माझं ऐकायचे.

तिच्या अण्णांच्या, म्हणजे धोंडिबांच्या घराला रेंज नाही. बुधवारी एसटीनं वेल्हे गाठलं, तिथून जीपनं पासली, पुढे पायी. करवंदांच्या जाळ्या तशाच होत्या, वाटेतला बसायचा कातळही तसाच. तेव्हा या कातळावर सुनंदाची धाकटी भावंडं करवंदं विकायला मांडून बसली होती आणि गिऱ्हाईक मी एकटी होते. वाड्यावर तेव्हा सात घरांतून धूर निघायचा. आता दोन घरांतून. बाकीच्यांच्या दारांना कुलपं होती आणि कुलपांना गंज.

धोंडिबा अंगणात घोंगडीवर बसले होते.

"आलात व्हय, बाई! आता कुनाला न्यायला आलाय? हितं न्यायला ऱ्हायलंय कोन?"

चहा आला. मी विषय काढला. सुनंदानं इथं जनावरांचं काम केलं, असा एक कागद हवा. मालक म्हणून सही तुमची.

धोंडिबांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजी लेक माझ्याकडं गडी व्हती?"

"तसं नव्हे हो..."

"तसंच हाय. मालक म्या, चाकर ती. उद्या जावयाच्या घरचं वाचत्याल, धोंडिबानं लेकीला राबवून खाल्लं. लेक घरात असती, बाई. तिला कामाला न्हाई ठिवत कुनी."

"कागद न्यूझीलंडला जाणार आहे. विंझरला कोण वाचतंय?"

"विंझरला समदं वाचत्यात."

मी स्त्रियांच्या आत्मविश्वासावरचं माझं भाषण सुरू केलं. दारातली म्हैस उठून निघून गेली.

तेवढ्यात चुलीपासून सुनंदाच्या आई, जनाबाई बोलल्या. "बाई, तुमी पोरीला न्यायला आला व्हता, तवा ह्ये काय म्हनालं व्हतं, आठवतंय?"

मला आठवत होतं ते वेगळं. मी शिक्षणाचं महत्त्व पटवलं आणि बापाचं मन पालटलं, असा तो प्रसंग मी पुढे बऱ्याच भाषणांत सांगितला होता.

"ह्ये दारात आडवं हुबं ऱ्हायलं व्हतं," जनाबाई म्हणाल्या. "म्हनलं, हिला न्हेलं तर वासरास्नी कोन पाजंल? हिच्या बोटाबिगार एक तोंड लावत न्हाई. मंग म्या म्हनलं, म्या पाजीन. तवा सोडलं पोरीला." त्या नवऱ्याकडे वळल्या. "तवा त्ये काम व्हतं. आता पोरीला त्याचा कागद पायजे, तर त्ये काम न्हाई?"

माझ्या सगळ्या भाषणांतला तो प्रसंग तिथंच संपला. धोंडिबांनी खाली ठेवलेली बशी पुन्हा उचलली.

"इचारा काय इचारायचं त्ये," ते शेवटी म्हणाले.

मी सुनंदानं पाठवलेला मालकाच्या पत्राचा छापील फॉर्म काढला.

"किती वर्षं काम केलं?"

"चालाय लागली तवापासनं."

"कामाचं स्वरूप?"

यावर ते पंधरा मिनिटं बोलले. आई मेलेल्या वासराच्या तोंडात दुधात बुडवलेलं बोट द्यायचं, ते चोखायला लागलं की हात हळूहळू भगुल्यात न्यायचा. हगवण लागली की एका वेळचं दूध तोडून पेज पाजायची. थंडीत जन्मलेलं घोंगडीत गुंडाळून चुलीपाशी ठेवायचं. "एक डाव लई मरतुकडं व्हतं. म्या म्हनलं, जाऊ दे. ती तीन दिस शाळंला गेली न्हाई. जगावलं तिनं." मी ते इंग्रजीत लिहीत गेले. इतकं भरलेलं पत्र मी नोकरीत असताना कुणासाठीच लिहिलं नव्हतं.

"नोकरी सोडण्याचं कारण?"

"तुमी."

मी 'उच्च शिक्षण' असं लिहिलं.

शेवटचा प्रश्न तिकडच्या फॉर्मात नेहमीचा असतो. संधी मिळाल्यास या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्याल का?

धोंडिबांनी गोठ्याकडे पाहिलं. खुंटे बारा होते, म्हशी दोन. "वासरं कुठं हायती आता," ते म्हणाले. मग, "तरी बी येऊ दे की. कवा बी."

फॉर्मात 'हो' किंवा 'नाही' एवढीच जागा होती. मी 'हो' लिहिलं.

सही त्यांनी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकलेल्या अक्षरांत केली, सावकाश. कागदाचा फोटो मी पासलीला उतरून रेंजमध्ये आल्यावर पाठवला.

सुनंदाला एका दिवसाच्या ट्रायलला बोलावलं. काम मिळालं. हंगाम संपल्यावर फार्मनंच तिला आठवड्यातून एक दिवस जनावरांच्या आरोग्याच्या कोर्सला घातलं. ती परत आलेली नाही. माझ्या तक्त्यात आधी कोर्स होता आणि मग काम. ते उलटं झालं. आता कुणी सल्ला विचारायला आलं की मी तक्ता काढण्याआधी विचारते, घरी काय करायचीस? बहुतेकजणी म्हणतात, काही नाही. मग मी पुन्हा विचारते.

"पत्र वाचून मालक काय म्हणाला?" मी सुनंदाला विचारलं होतं. मला जरा कौतुकाची अपेक्षा होती.

"वाचलं नसणार, मॅडम. एक वासरू पीत नव्हतं, त्याला मी बोट दिलं. तो कुंपणावर हात टेकून बघत होता. मग त्यानं मला एकच विचारलं, गमबुटाचं माप काय?"

सुनंदाला चार नंबर लागतो. त्यांच्याकडे सहाच होता. पहिला हंगाम तिनं दोन जोड मोजे घालून काढला.