मायच्या पावलाचा दिवा

कापगते सरांच्या हातात काहीही आलं की ते आधी घासून पाहत. प्लास्टिकची पट्टी डोक्यावर घासून माझ्या मनगटाजवळ धरत. केस उभे राहिले की खूश होऊन म्हणत, "पाहा, घासलं का वीज निघते. माणसाचंही तसंच हाये." मी पडलो मराठीचा मास्तर, मला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

पण एकोडी गावातल्या त्यांच्या घरी उंबऱ्याबाहेर त्यांनी घातलेलं पायपुसणं मला कळलं. आत एक्स-रेच्या जुन्या फिल्मा आणि अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पाय पडला की थर एकमेकांवर घासत आणि तारेनं जोडलेले सरांच्या टेबलावरचे बारके दिवे लुकलुकत. सरांची माय सगळं विसरत चालली होती. उठली की थेट गावच्या तळ्याकडे, बोडीकडे, चालू लागे. एकदा तिला कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढलं होतं.

"सर, बाजारातून एक बेल आणा ना," मी म्हटलं.

"लाइन जाते, सेल उतरते. मायचा पाय थांबते का?"

दिवे लुकलुकले की सर भरल्या ताटावरून "माय निघाली!" म्हणत धावत. वर्गात भिंतीवर कवडसा हलला तरी दचकत. त्यांची ती धास्ती हळूहळू मलाही लागली.

एका सकाळी आम्ही टेबलाशी चहा पीत होतो. दिवे शांत होते. सहज बाहेरच्या खोलीत आलो, तर मायची खाट रिकामी आणि दारात शेणाचा ताजा सडा! सगळं विसरलेली माय सडा टाकायला विसरली नव्हती. उंबऱ्याच्या आतूनच टाकलेल्या सड्यानं पायपुसणं चिंब झालं होतं, आणि ओल्यात कसली वीज? सर अनवाणी पळाले, मागून मी.

माय बोडीच्या काठाशी शेणाचे हात धूत बसली होती. "काहून धावून राहिला रे बाबू?"

सर तिथंच चिखलात बसले. "पावसानं ओलं होईन हे ध्यानात होतं, सर. सड्याचं नाई. लहानपणापासून पाहून राहिलो तिले सडा टाकताना." घरी आल्यावर त्यांनी पायपुसणं उंबऱ्याच्या आत घेतलं.

त्या हिवाळ्यात माय खाटेवरच गेली. अंगणात तिरडी बांधून झाली. आम्ही चौघांनी तिला घरातून उचललं, सर डोक्याकडे. उंबऱ्याशी आमचे पाय पडले आणि टेबलावरचे दिवे लखलखले.

"माय निघाली!" सर ओरडले.

धावायला त्यांनी पाऊल उचललं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मायचं डोकं आपल्याच हातात आहे.