ती उपाशी नव्हती

त्या दिवसाची वही माझ्याकडे अजून आहे. मी मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवायची, आणि यादी केल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नसे. सहलीला मुलींच्या आधी माझी वही बसमध्ये चढते, असं आमचे एक सहकारी म्हणायचे. म्हणोत. सहलीत माझी एकही मुलगी कधी मागे राहिली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापूरच्या बाहेर एका माळावर आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा भरली. क्रॉसकंट्री म्हणजे पक्क्या ट्रॅकवरची नव्हे, तर माळ, चढ, ओघळ, ऊस तोडून नेलेलं रान अशी जमीन तुडवत धावायची शर्यत. ही शर्यत मुळात थंडीतली. आमच्याकडे ती एप्रिलमध्ये ठेवली, कारण त्याआधी उद्घाटनाच्या पाहुण्यांना वेळ नव्हता. केनियाच्या, श्रीलंकेच्या, नेपाळच्या संघांना काय सोयीचं आहे हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. एप्रिलमध्ये आमच्याकडे नऊ वाजताच माळावर उभं राहवत नाही. हे कळायला हवामान खात्याची गरज नव्हती, छत्री घेऊन भाजी आणायला जाणाऱ्या कुठल्याही बाईला ते ठाऊक होतं.

पाण्याची आणि नंबराच्या कापडांची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलींची शर्यत सहा किलोमीटरची, दोन किलोमीटरचे तीन फेरे. साडेसहाला सुरू, सातला संपली पाहिजे, असं मी स्पर्धा समितीच्या बैठकीत तीनदा सांगितलं. सचिवांनी तीनदा मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार, असं मी तेव्हा समजत होते.

माझी एक विद्यार्थिनी त्या शर्यतीत होती. शाहूवाडीकडची, अठरा पूर्ण झालेली. भाताच्या रानातल्या बांधांवरून पळून तिचे पाय तयार झाले होते, माझं त्यात फारसं काही नव्हतं. तिला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंच्या जागेतून भरती व्हायचं तर अशा स्पर्धेत शर्यत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागेल, नुसत्या सहभागाचं चालणार नाही, असं तिला सांगण्यात आलं होतं. पहिलं येण्याचा प्रश्नच नव्हता, केनियाच्या मुली पहिल्या येणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तिला फक्त शेवटच्या दोरीपर्यंत पोचायचं होतं.

आदल्या दिवशी ती आणि तिची आई माझ्याकडे मुक्कामाला आल्या. आईनं येताना नाचणीचं पीठ आणि दुधाची बरणी आणली होती. पहाटे चारला ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली आणि मला बाहेर काढलं.

"तुमी बसा बाई. तुमच्या भाकरीनं पोरगी सा किलोमीटर पळायची न्हाय."

माझ्या भाकऱ्या बऱ्या होतात, पण मी वाद घातला नाही. मुलगी चुलीजवळ बसावं तशी गॅसच्या शेगडीजवळ उकिडवी बसून खात होती. मी वहीत लिहिलं : ४.३५, भाकरी दोन, दूध एक तांब्या. माझ्या धावणाऱ्या मुली काय खातात, किती वाजता खातात, ते मी नेहमी लिहीत असे.

सव्वासहाला पाण्याचा टँकर माळावर आला. फेऱ्याच्या लांबच्या टोकाला, चढ संपतो तिथं, दोन पिंपं ठेवली होती. "आत्ता भरतो बगा," टँकरवाला म्हणाला आणि त्यानं पाइप सोडला. पाणी पिंपात पडल्याचा आवाज मी ऐकला, 'पाणी' या शब्दापुढे बरोबरची खूण केली आणि नंबराची कापडं वाटायला गेले. पिंपं भरेपर्यंत मी थांबले नाही. ही पहिली चूक माझी.

साडेसहाला पाहुणे आले नाहीत. सातला आले नाहीत. साडेसातला सचिवांनी येऊन सांगितलं, "निघाल्यात. वाटंत एक सत्कार हाय, तेवढा उरकला की आलेच."

"मग शर्यत सुरू करू. पाहुण्यांनी बक्षिसं द्यावीत."

"असं कसं बाई? झेंडा कोण दाखवणार?"

"मी दाखवते."

सचिव हसले. मी विनोद केला नव्हता.

श्रीलंकेच्या प्रशिक्षक बाईंनी घड्याळ दाखवून काहीतरी ठणकावून सांगितलं, त्यावर परदेशी मुलींना बसमध्ये नेऊन बसवलं आणि पडदे ओढून दिले. चांगलं केलं. मग मी आमच्याकडच्या धावणाऱ्या मुलींना सावलीत घ्यायला गेले, तर त्या जागेवर नव्हत्या. सचिवांनी त्यांना मांडवापासून रस्त्यापर्यंत दोन रांगांत उभं केलं होतं, हातात फुलांची ताटं देऊन. पाहुण्यांवर फुलं टाकायला आणलेल्या दुसऱ्या शाळेच्या मुली उन्हाला कंटाळून निघून गेल्या होत्या.

"अहो, ह्या धावणार आहेत!"

"पळायच्या तवा पळतील की. आपल्याच पोरी हैत, त्यांस्नी काय हुतंय? परदेशी लोकांचं तसं न्हाय, त्यांस्नी ऊन सोसत न्हाय."

हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायची गरजच पडली नाही. आपल्याच पोरी म्हणून आधी उन्हात उभ्या करायच्या, आपल्याच म्हणून शेवटी जेवायला घालायच्या, आणि आपल्याच म्हणून त्यांच्याबद्दल काहीही लिहून टाकायचं. ही आपुलकी मी तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वेळा पाहिली की आता कुणी 'आपलीच हाय' म्हटलं की मी सावध होते.

मी दोनदा त्यांना रांगेतून काढलं, दोनदा कार्यकर्त्यांनी परत नेलं. तिसऱ्यांदा मी भांडत असताना पाहुण्यांच्या गाड्या दिसल्या. सव्वानऊ वाजले होते. गाड्या आल्या त्या रस्त्यावर धुरळा अजिबात उडाला नाही. रस्ता ओला होता, छान सडा मारल्यासारखा. मला तेव्हा चांगलंच वाटलं, हे आठवलं की आजही स्वतःचा राग येतो. एवढं पाणी आलं कुठून, हा प्रश्न मला पडला नाही.

त्यानंतर फेटे. आमच्याकडे फेट्याशिवाय सत्कार होत नाही, आणि बांधलेला तयार फेटा डोक्यावर ठेवणं म्हणजे अपमान. प्रत्येकाच्या डोक्यावर तिथल्या तिथं पीळ घालून बांधायचा. फेटे बांधणारे दोघे, डोकी चौदा. मग परदेशी संघांच्या व्यवस्थापकांचीही डोकी घेतली. केनियाचा व्यवस्थापक उंच, त्याला खुर्चीवर बसवून बांधला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. आमच्या मुली मांडवाच्या कडेला उभ्या. कडेला म्हणजे सावलीबाहेर.

"बाई, घसा वाळलाय," शाहूवाडीची मुलगी म्हणाली. मी माझी बाटली दिली. तिनं दोन घोट घेतले आणि शेजारच्या मुलीला दिली. बाटली पाच जणींत संपली.

झेंडा दाखवला तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

पहिल्या फेऱ्यात शाहूवाडीची मुलगी सातवी होती, भारतीय मुलींत दुसरी. दुसऱ्या फेऱ्याला मी चढावरच्या पिंपांकडे गेले. तिथली दोन मुलं हातात रिकामे पेले घेऊन उभी होती. एका पिंपात तळाला वीतभर गढूळ पाणी, दुसरं कोरडं.

"पाणी कुठाय?"

"टँकर न्हेला की बाई. सायेब येणार म्हून रस्त्यावर सारखं पाणी मारायला. सचिवांनीच सांगितलं."

शेजारून ती गेली. तिनं पेल्यासाठी हात पुढे केला, मुलानं ओशाळून हात मागे घेतला, आणि ती तशीच पुढे गेली. मी ओरडले, "थांब! सोड!" तिनं मान हलवली. तिची मान हलवणं म्हणजे नकार होता. मी आडवं जायला हवं होतं. तिला दंड धरून बाहेर ओढायला हवं होतं. प्रमाणपत्राचा विचार तिच्या डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

तिसऱ्या फेऱ्यात तिचे पाय वेडेवाकडे पडू लागले. शेवटची दोरी समोर दिसत होती, दीडशे पावलं उरली असतील, आणि ती दोरीकडे न जाता रस्त्याकडे वळली. लोक ओरडले, "आगं हिकडं, हिकडं!" ती रस्त्याच्या कडेला पडली. मी पोचले तेव्हा तिचा गाल जमिनीला टेकलेला होता, अंग तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. गालाखालची माती अजून ओलसर होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, उन्हात किती वेळ होती? मी वही काढून आकडा सांगितला. त्यांनी वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सलाईन लावायला घेतलं. दोन दिवसांनी ती उठून बसली.

तिसऱ्या दिवशी सचिव टाइप केलेला अहवाल घेऊन दवाखान्यात आले. शर्यत वेळेवर सुरू झाली, पाण्याची व्यवस्था चोख होती, 'संबंधित खेळाडू उपाशीपोटी धावल्याने तिला भोवळ आली.' खाली पाणीव्यवस्था प्रमुख म्हणून माझं नाव आणि सहीची जागा.

"ती उपाशी नव्हती. माझ्या घरी जेवली आहे."

"बाई, कोण इचारतंय? वर कायतरी लिवाय लागतंय. तुमी सही करा, मी पोरीला शर्यत पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट देतो. दीडशे पावलंच ऱ्हायलीती की. कुणाचं काय जातंय?"

मी हिशेब केला. मुलीला कागद मिळतो, नोकरी मिळते, अहवाल फायलीत पडून राहतो. कामं पटापट निकालात काढायची मला सवय होती. पलीकडच्या खाटेवर मुलगी जागी होती, आई तिचे पाय चेपत बसली होती. दहा पावलांवर. मी त्यांना विचारलं नाही. सही केली.

अहवाल फायलीत राहिला नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली, 'उपाशीपोटी धावल्याने धावपटू कोसळली'. माझ्या सहीच्या आधारानं.

ती पोलिसात लागली, हे मला कुणाकडून तरी कळलं. मी यादीतली एक ओळ खोडली.

आठ-नऊ वर्षांनी आमच्या शाळेत दहावीच्या परीक्षेचं केंद्र होतं. मी केंद्रावर, आणि बंदोबस्ताला खाकीतली एक बाई.

"बाई, वळखलासा का?"

मी ओळखलं. पेपर सुरू झाल्यावर आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. चहा आला. तिनं घेतला नाही.

"बाई, तवा तुमी सही केलासा."

"तुझ्या नोकरीसाठी केली गं."

"मला इचारलासा?"

मी कप बाकावर ठेवला.

"पेपरात आलं, गावात सगळ्यांनी वाचलं. पाण्यावर बायका आईला म्हणायच्या, पोरीला खायाला न घालता पळवलीस व्हय? पगाराची घाई झाल्ती व्हय? आई दोन वर्सं सकाळच्या पाण्याला गेली न्हाय, दुपारी उन्हाची जायची, कुणी नसताना. पीठ तिनं घरनं आणलंतं, बाई. तुमच्या सैपाकघरात थापल्या तिनं."

"मी बदलून घेते," मी म्हणाले. "अहवाल दुरुस्त करायला लावते."

सचिव तोवर बरेच मोठे झाले होते, मला बाहेर तासभर बसवण्याइतके. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करूया की दुरुस्त. मग सर्टिफिकेटपण खोटं ठरतंय. पोरीची नोकरी घालवायची हाय का, बाई?"

त्यांच्या टेबलावर फेटा बांधलेला त्यांचा फोटो होता. मी उठले. इतकी वर्षं मी त्यांना ढिसाळ समजत होते. ढिसाळपणा कुठला! हा माणूस माझ्यापेक्षा व्यवस्थित होता. दोन्ही कागद त्यानं एकमेकांना असे बांधून ठेवले होते की एक सोडवला की दुसरा फाटावा.

रविवारी वही घेऊन मी शाहूवाडीची एसटी पकडली. आई अंगणात भात पाखडत होती. मी आल्याचं कारण सांगितलं, पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, शेजारच्या दारातल्या दोन बायकांना ऐकू जाईल असं : चार पस्तीस, भाकरी दोन, दूध एक तांब्या.

"तीन," ती म्हणाली.

"काय?"

"तीन भाकऱ्या. तिसरी रिक्षात खाल्ली, गूळ लावून. तुमी म्होरं बसलावता, मागं बगितलंच न्हाईसा."

तिनं सूप खाली ठेवलं.

"आन् मला काय वाचून दावतायसा? मीच थापल्यात्या. मला ठावं हाय. ज्यांनी छापलं त्यांस्नी दावा जावा."

तिनं पाणी दिलं, चहा दिला नाही. शेजारच्या बायका आत गेल्या.

परतीच्या एसटीत मी 'दोन' खोडून 'तीन' केलं. नंतर मुलीला फोन करून विचारलं, हे सगळं लिहू का? ती म्हणाली, लिवा, पण नाव कुणाचंच घालू नका. म्हणून इथं कुणाचंच नाव नाही. ज्यांनी छापलं त्यांनी वाचावं : मुलीनं तीन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. टँकर रस्त्यावर नेला होता. अहवालाखालची सही माझी आहे.